धरण खाली, गाव वर : खर्डीच्या पाण्याचं साधं गणित

खर्डीच्या एका अंगाला भातसा, दुसऱ्या अंगाला तानसा, थोडं वर मोडक सागर. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तरीही होळी आटोपली की तालुक्यात टँकरच्या मागण्या सुरू होतात. फुगाळे, कोथळे, विहिगाव, माळ या बाजूच्या पाड्यांची नावं दरवर्षी त्याच यादीत येतात. 'धरण उशाशी, कोरड घशाशी' हे आपण इतक्यांदा वाचलं आहे की आता त्याचं काही वाटेनासं झालंय. पण उशाशी असलेलं पाणी घशापर्यंत का येत नाही, हे कोणी नीट समजावून सांगत नाही. पुढाऱ्याला विचारलं तर 'मुंबईवाले पळवतात' आणि साहेबाला विचारलं तर 'तांत्रिक अडचण आहे'. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे.

आधी मुंबईला पाणी कसं जातं ते बघू. तानसा धरण 1892 साली पुरं झालं. त्या काळी एवढं पाणी लांबवर ढकलायला विजेचे पंप नव्हते. म्हणून इंग्रजांच्या इंजिनिअरांनी उतार वापरला. पिंपात नळी बुडवून तोंडाने ओढायची आणि दुसरं टोक खाली सोडायचं, पाणी आपोआप वाहत राहतं. हे आपण लहानपणी सगळ्यांनी केलंय. तानशाची जलवाहिनीही उताराच्याच जोरावर चालते. मध्ये टेकाड आलं तरी बंद पाइपातलं पाणी ते चढून जातं, अट एकच : टेकाड धरणातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलं पाहिजे. पाइपात घासण्यामुळे थोडा जोर वाया जातो तेवढा सोडून द्यायचा.

तानसा भरून वाहतो तेव्हा महापालिकेच्या तक्त्यात आकडा असतो 128.63 मीटर. हा आकडासुद्धा समुद्रसपाटीपासूनचा नाही. मुंबईत टाऊन हॉलच्या जुन्या खुणेवरून उंची मोजायची पद्धत आहे, तिचा शून्य समुद्राच्याही खाली धरलेला आहे. म्हणजे समुद्रापासून तानशाचं पाणी आणखी वीसेक मीटर खालीच. आणि आपली गावं? आसनगाव सुटलं की लोकल कसाऱ्यापर्यंत चढणच चढते, हे रोज अपडाऊन करणाऱ्याला ठाऊक आहे. स्टेशनाच्या वरचे पाडे तर त्याहून उंच. थोडक्यात, तानसा-भातशाचं पाणी आपल्या पायथ्याशी आहे. मुंबई त्याच्या खाली, आपण त्याच्या वर. तिकडे ते स्वतःहून जातं, इकडे ते उचलावं लागतं.

मग विहिरी आणि बोअर? आपल्या पायाखाली काळा कातळ. वरच्या मुरुमाच्या थरात जेवढं पाणी मुरतं तेवढंच विहिरीला. बाकीचं चार महिन्यांत ओढ्यांनी निघून जातं. बोअरला फट लागली तर पाणी, नाही लागली तर धूळ. एकाच गावात एक बोअर चालते आणि पन्नास पावलांवरची कोरडी जाते, ती याचमुळे.

इथपर्यंत साहेबांचं म्हणणं बरोबर आहे. पण 'उंचावर आहे म्हणून जमत नाही' हे पटवून घ्यायच्या आधी भातशाकडे बघा. मुंबईच्या सात तलावांत मिळून 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातशात. हे पाणी नदीने भिवंडी तालुक्यात पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत जातं, आणि तिथून पंपाने उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेलं जातं. पिशाला वीज गेली की मुंबईत पाणीकपातीची बातमी लागते, ती उगीच नाही. म्हणजे मुंबईसाठी पाणी उचललं जातंच, रोज.

आता आपलं गणित करू. समजा धरणाच्या पाण्यापासून गाव 150 मीटर उंच आहे आणि वस्ती हजार माणसांची. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर, म्हणजे गावाला 55 हजार लिटर. पंपात आणि मोटरीत चाळीस टक्के जोर वाया गेला असं धरलं, तरी हे पाणी वर चढवायला रोज 37 युनिटच्या आसपास वीज लागते. शेतावर असतो तसा पाच एचपीचा पंप दहा तास चालवला की काम होतं. पाच माणसांच्या एका घराच्या वाट्याला रोज पाव युनिटही येत नाही. छताचा पंखा अडीच तास फिरवायला लागते तेवढी वीज.

दहा हजार लिटरच्या टँकरभर पाण्याला याच हिशोबाने सात युनिट पुरतात. टँकर मात्र ते दहा टन पाणी, वर स्वतःचं वजन, डिझेल जाळून घाटाने चढवतो आणि रिकामा परत येतो. आणि टँकर आला नाही की बाई चढवते. पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर घेऊन पन्नास मीटरची चढण. पंपाने एका युनिटमध्ये होणारं काम तिला करायचं झालं तर जवळजवळ तीनशे हंडे वर न्यावे लागतील. बाजारभावाने एका युनिटचे रुपये किती होतात ते प्रत्येकाच्या बिलावर छापलेलं असतं.

अर्थात पंप बसवला की झालं असं नाही. सहा-सात किलोमीटर पाइप, साठवण टाकी, शुद्धीकरण, वॉलमनचा पगार हे सगळं लागतं. धरणातलं पाणी कोणासाठी राखीव हे कागदावर ठरलेलं असतं, ते बदलून घ्यावं लागतं. आणि सगळ्यात आधी बंद पडतं ते बिलावरून. स्टार्टर जळाला, बिल थकलं, कनेक्शन तोडलं, मग टाकी नुसती उभी. अशा टाक्या दाखवायला लांब जायला नको.

म्हणूनच भावलीचं महत्त्व. भावली धरण इगतपुरी तालुक्यात, म्हणजे कसारा घाट चढून गेल्यावर. रेल्वे त्या घाटात 37 फुटांना एक फूट चढते, मागे जादा इंजिनं लावावी लागतात. तेवढ्या उंचीवरचं पाणी पाइपात सोडलं तर शहापूरच्या गावांना ते उताराने मिळेल, पंपाशिवाय. तानसा मुंबईला जे देतो तेच भावलीने आपल्याला द्यायचं. युक्ती तीच, सव्वाशे वर्षांहून जुनी. काम रखडल्याच्या बातम्या मात्र तालुक्याला नवीन नाहीत.

तोपर्यंत ग्रामसभेत योजनेचा विषय निघाला की तीन प्रश्न विचारून घ्या : पाणी किती मीटर उचलायचं, पंप किती एचपीचा, आणि महिन्याचं बिल कोण भरणार. पहिल्या दोन्हींची उत्तरं आराखड्यात असतात. तिसऱ्याचं लेखी मागा.