यवतच्या डासांनी आधीच दिलेली खबर

पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये २००० साली पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांत चिकनगुनियाचा विषाणू सापडला. १९७३ च्या बार्शीतल्या मोठ्या साथीनंतर हा आजार जवळपास विस्मरणात गेला होता. मग २००५ च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात साथ भडकली. २००६ मध्ये देशातल्या संशयित रुग्णांचा आकडा १३ लाखांवर गेला. ताप उतरला तरी सांधे महिनोन्महिने ठणकत राहिले.

हा विषाणू आला कुठून? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांची जनुके नव्या नमुन्यांशी ताडून पाहिली. चिकनगुनियाचा विषाणू म्हणजे आरएनएच्या सुमारे ११,८०० अक्षरांचा मजकूर. नक्कल होताना एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. दोन नमुन्यांत सारख्या चुका जितक्या जास्त, तितके त्यांचे नाते जवळचे. १९६३ ते १९७३ मधले विषाणू आशियाई कुळीचे निघाले, २००५-०६ चे आफ्रिकी कुळीचे. आणि यवतचाही आफ्रिकीच! म्हणजे ही कुळी साथीच्या किमान पाच वर्षे आधी देशात पोचलेली होती.

एक अक्षरही किती उलथापालथ करते, ते केरळात दिसले. विषाणूच्या ई१ प्रथिनातल्या २२६ व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी व्हॅलिन आले की तो एडिस अल्बोपिक्टस डासात जोमाने वाढतो. हा बदल आधी रियुनियन बेटावर आढळला. २००७ मध्ये केरळच्या नमुन्यांतही दिसला. अल्बोपिक्टस झाडाझुडपांत रमणारा डास. केरळात त्याला काय तोटा!

रायपूरकरांना हे दूरचे वाटू नये. २०१८ मध्ये शेजारच्या दुर्ग-भिलाईत याच डासांमुळे पसरणाऱ्या डेंग्यूने अनेकांचे बळी घेतले. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या या पट्ट्यात माणसांची सतत ये-जा असते आणि तापाचा रुग्ण विषाणूही सोबत नेतो. डेंग्यूचे प्रकार चार. एक होऊन गेल्यावर दुसरा झाला तर धोका वाढतो. पण नेहमीची एनएस१ चाचणी ‘डेंग्यू आहे’ एवढेच सांगते, प्रकार सांगत नाही. तो कळायला तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतले रक्त आरटी-पीसीआरसाठी पाठवावे लागते. कुळी ठरवायला पुढे जनुकवाचन हवे.

साथ नसताना हे काम करणे सगळ्यात मोलाचे. कूलरच्या टाक्यांभोवतीचे डास पकडून तपासणे आणि तापाचे निवडक नमुने वर्षभर वाचणे, याला दरवर्षी पैसा आणि माणसे मिळायलाच हवीत. निष्कर्षही प्रयोगशाळेत अडकता कामा नयेत. ते महापालिकेच्या आरोग्य विभागापर्यंत त्याच आठवड्यात पोचले, तरच फवारणी आणि घरोघरची पाहणी वेळेत सुरू होईल.