वापरलेली पिकअप घेताना : दुखणी ओळखा, हिशेब मांडा

टोमॅटो, वांगी, फुले, द्राक्षे यांसारखा नाशवंत माल वेळेवर बाजारात पोहोचला तरच त्याचा पैसा होतो. त्यामुळे स्वतःची पिकअप असावी असे अनेकांना वाटते. नवीन गाडीची किंमत आवाक्याबाहेर गेल्याने पाच-सात वर्षे वापरलेल्या गाडीकडे कल वाढत आहे. त्यातही जास्त ताकदीच्या टर्बो डिझेल इंजिनाच्या गाड्यांना मागणी अधिक असते. घाटात भरलेली गाडी जोमाने चढते, ही त्यांची जमेची बाजू. परंतु ताकदीचे इंजिन बिघडले की दुरुस्तीही तेवढीच भारी पडते.

माझ्या थोरल्या बंधूंनी अशी एक गाडी रंग आणि टायर पाहून घेतली. पहिल्याच हंगामात टोमॅटोचे क्रेट भरून निघाले असता घाटाच्या अर्ध्या चढावर इंजिन तापले. दुसरी गाडी मिळून माल बाजारात पोहोचेपर्यंत लिलाव आटोपला होता. पुढे हेड गॅस्केटपासून टर्बोपर्यंत काम निघाले आणि स्वस्तात मिळालेली गाडी महाग पडली. ही वेळ आपणावर येऊ नये म्हणून पुढील बाबी तपासूनच व्यवहार करावा.

इंजिनाची तपासणी

गाडी पाहण्यास सकाळी, इंजिन थंड असताना जावे. विक्रेत्याने आधीच गाडी चालू करून ठेवली असल्यास थंड इंजिन सुरू होण्यातील अडचण लपते. चालू केल्यावर धुराकडे लक्ष द्यावे. सतत निळसर धूर येत असल्यास इंजिन ऑईल जळत आहे असे समजावे. रिंगा झिजल्याने किंवा टर्बोचे सील गेल्याने असे होते. जोर देताच दाट काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते किंवा इंजेक्टर बिघडलेले असतात. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

इंजिन चालू असताना ऑईल भरण्याचे झाकण सावकाश उघडावे. तेथून जोराने धूर व हवेचे फवारे येत असतील तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत. झाकणाखाली दुधाळ फेस दिसल्यास ऑईलमध्ये पाणी उतरले असण्याची शक्यता असते. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे, अन्यथा भाजण्याचा धोका असतो.

टर्बो व इंजेक्टर

टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते व त्याचे बेअरिंग ऑईलवरच तरते. जुने, काळे ऑईल किंवा घाट चढून येताच इंजिन बंद करण्याची सवय यामुळे टर्बो लवकर जातो. जोर देताना शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो का, ताकद कमी पडते का, हे चढावर चालवून पाहावे. गाडी घेतल्यावरही मोठ्या चढानंतर एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मगच बंद करावे.

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात डिझेल अतिशय उच्च दाबाने फवारले जाते. डिझेलमधील पाणी व कचरा या इंजेक्टरना सहन होत नाही. म्हणून डब्यात साठवलेले डिझेल वापरू नये आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा.

जादा भाराच्या खुणा

क्षमता दीड टन असेल तर पन्नास किलोच्या तीस गोण्या भरतात. प्रत्यक्षात पंचेचाळीस भरल्या जातात. त्याची किंमत पाटे, चासी, क्लच आणि ब्रेक मोजतात. गाडीखाली वाकून मागील पाटे तुटलेले, बदललेले किंवा सपाट झालेले आहेत का ते पाहावे. चासीवर वेल्डिंगचे डाग असल्यास गाडी नाकारलेली बरी. ज्या हौद्यातून खत किंवा मासळी वाहिली गेली असेल तेथे मिठाने व क्षारांनी पत्रा खालून कुजतो, म्हणून ताडपत्री उचलून तळ पाहावा. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक बनावटीचा आठवडा व वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कागदपत्रे

आर.सी. वरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा असल्यास फायनान्स संस्थेचा ना हरकत दाखला व नमुना ३५ घ्यावा. मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० लागतात. थकीत चलने व कर यांची खात्री करावी. मालवाहू गाडीचे पासिंग ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा, अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळण्यात अडचण येते.

वर्षाचा खर्च

खालील आकडे नमुन्यादाखल गृहीत धरले आहेत. आपल्या भागातील दर घालून हिशेब करावा. गाडी ५ लाखास घेतली, ५ वर्षांनी अडीच लाखास विकली, वर्षाला १५,००० कि.मी. चालवली आणि शेतकरी स्वतःच चालक आहे असे धरू.

अ) स्थिर खर्च
घसारा : ५०,००० रु.
भांडवलावरील व्याज (सरासरी ३.७५ लाखांवर १२ टक्के) : ४५,००० रु.
विमा, पासिंग, कर इ. : ३५,००० रु.
एकूण : १,३०,००० रु.

ब) चालू खर्च
डिझेल (लिटरला १२ कि.मी., दर ९० रु.) : १,१२,५०० रु.
ऑईल व सर्व्हिसिंग : १२,००० रु.
टायर : १०,००० रु.
दुरुस्ती : ४०,००० रु.
एकूण : १,७४,५०० रु.

एकूण ३,०४,५०० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे २० रुपये ३० पैसे. हीच गाडी वर्षाला केवळ ६,००० कि.मी. चालली तर स्थिर खर्च तेवढाच राहतो आणि किलोमीटरचा खर्च सुमारे ३३ रुपयांवर जातो. भाड्याची गाडी येण्याजाण्याच्या अंतरास किलोमीटरला २५ रुपयांनी मिळत असेल, तर वर्षाला सुमारे ९,७०० कि.मी.पेक्षा कमी वापर असणाऱ्याने स्वतःची गाडी घेणे तोट्याचे ठरते. अशा वेळी शेजारच्या चार-पाच बागायतदारांनी मिळून भाड्याची गाडी ठरवणे किंवा एकाच्या गाडीत सर्वांचा माल नेणे फायद्याचे होते.

थोडक्यात महत्त्वाचे

१) विश्वासू मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी आनंदाने द्यावी.
२) गाडी रिकामी न चालवता, क्षमतेइतका भार घालून चढावर चालवून पाहावी.
३) खरेदीच्या किमतीखेरीज पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूस ठेवावी.
४) गाडी घेताच ऑईल, फिल्टर व कूलंट बदलून तारीख व कि.मी. वहीत नोंदवावे.

बियाणे घेताना आपण उगवणक्षमता पाहतो, बैल घेताना दात व चाल पाहतो. गाडीची पारखही तितक्याच सावधपणे केल्यास हंगामाच्या ऐन भरात माल रस्त्यात अडकून पडण्याची वेळ सहसा येणार नाही.