राहणार काकू, मालक पुतण्या. मग वासे कोणी बदलायचे?

मे महिना आला की आपल्या अर्नाळ्यात कौलारू घरं शाकारायची घाई सुरू होते, आणि त्याबरोबर एक भांडणही निघतं. समजा, नवऱ्याने मृत्युपत्रात लिहिलं की बायकोने तहहयात घरात राहावं, तिच्या मागे घर पुतण्याचं. आता वासे कुजलेत. काकू म्हणते, "घर पुढे तुझंच, खर्च तू कर." पुतण्या म्हणतो, "राहतेस तू काकू, तूच कर." तोवर पाऊस दारात!

साधारण न्याय असा, की जी राहते तिने रोजची निगा राखावी. घरपट्टी, वीजबिल, फुटकी कौलं बदलणं, दरवर्षीची शाकारणी काकूकडे. आढं-वासे बदलणं, खचलेली भिंत नव्याने बांधणं, याचा फायदा काकूच्या मागेही टिकतो. तिथे मोठा वाटा पुतण्याने उचलावा. पण आपल्या कायद्यात अशी तयार यादी नाही. आधी पाहायचं ते मृत्युपत्रातले शब्द. तिथे काही नसेल, तर काकूने बांगड्या मोडून घातलेले पैसे परत मिळतीलच असं नाही. म्हणून सुताराकडून अंदाज घ्या, कोणी किती द्यायचे ते लिहून दोघांच्या सह्या घ्या, साक्षीदार ठेवा, पावत्या जपा. हे नात्यात बरं दिसत नाही म्हणतात. मला तर नंतर कोर्टात भेटणं जास्त वाईट दिसतं.

आणि हक्क खरंच तहहयातपुरताच आहे का, तेही तपासा. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 14 नुसार पोटगीच्या हक्कापोटी बाईला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते. तुलसम्मा नावाच्या विधवेला तडजोडीत फक्त हयातीपुरती मिळकत दिली होती. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला पूर्ण मालक ठरवलं. मात्र मृत्युपत्राने नव्यानेच मर्यादित हक्क दिला असेल, तर तो मर्यादितच राहू शकतो. तुमचा कागद कशात बसतो, ते वकिलाला दाखवूनच ठरवा.

आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींना हे कलम लागू नाही. त्यांच्यात मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील, तर 1925 च्या कायद्याने विधवेला एक तृतीयांश हिस्सा मिळतो, तोही मालकीचा. मग दुरुस्तीचा खर्चही हिश्श्याप्रमाणे वाटून घ्यावा.

घरात कोणी मृत्युपत्र करत असेल, तर दुरुस्ती कोणी करायची हे एक वाक्य त्यात घालायला सांगा. वकिलाच्या फीची धास्ती नको. बाईला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. वसईला तालुका विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर 15100 वर फोन करा. जाताना मृत्युपत्र आणि घरपट्टीची पावती पिशवीत टाका.