उभे जाळे

माशाच्या मागे न धावता मासा पकडणारे साधन म्हणजे उभे जाळे. नदीच्या उथळ पात्रात फेकजाळे चालते, कारण तिथे तळ जवळ असतो. कोयनेच्या शिवसागरात, वाईजवळच्या धोममध्ये किंवा वेण्णेवरच्या कण्हेर धरणात फेकलेले जाळे तळाला टेकेपर्यंत मासा निघून गेलेला असतो. अशा खोल, संथ पाण्यात संध्याकाळी भिंतीसारखे उभे लावून पहाटे काढायचे जाळेच कामाला येते. सातारा-सांगलीकडचा भोई पिढ्यानपिढ्या नदीवर जगला. धरणे झाल्यावर त्याच्या हातात मुख्यतः हे जाळे आले.

त्याची बांधणी दिसायला साधी असते. वर एक दोर आणि त्याला थर्माकोलचे तुकडे किंवा बूच लावलेल्या रिकाम्या बाटल्या. खाली दुसरा दोर आणि त्याला शिसे किंवा दगड. मध्ये बारीक धाग्याची जाळी. पूर्वी हा धागा सुती असे. तो कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवावा लागे. नायलॉन आले आणि ते काम संपले. आता तंगूस, म्हणजे पाण्यात जवळजवळ न दिसणारा एकेरी नायलॉनचा धागा, सगळीकडे दिसतो. जाळी दोराला ताणून बांधत नाहीत. दोराची लांबी जाळीच्या साधारण निम्मी ठेवली की आस, म्हणजे जाळीची एकेक घरे, चौकटीसारखे उघडतात आणि जाळी सैल लोंबते. ताठ जाळ्याला मासा धडकून परततो, सैल जाळ्यात तो गुंततो.

सगळी करामत या आसात आहे. मासा डोके आत घालतो आणि अंगाचा रुंद भाग अडला की मागे सरू पाहतो. तेवढ्यात धागा त्याच्या कल्ल्याच्या झाकणामागे जाऊन बसतो. पुढे जाता येत नाही, मागेही येता येत नाही. म्हणूनच अनुभवी हात असा मासा सोडवताना शेपटीकडून ओढत नाही. धागा बोटाने कल्ल्यावरून उचलतो आणि जमेल तिथे मासा पुढच्याच बाजूने काढतो. उलटा ओढला तर कल्ला फाटतो, मासा रक्ताळतो आणि बाजारात भाव पडतो.

आसाला माशाची लांबी कळत नाही, त्याचा घेर कळतो. कटल्याचे डोके मोठे आणि अंग रुंद असते, रोहू त्यापेक्षा सडपातळ. त्यामुळे एकाच लांबीचे दोन मासे असले तर कटला अडकतो आणि रोहू निसटू शकतो. रशियन अभ्यासक फ्योदर बारानोव याने 1914 मध्ये या जाळ्याचे गणित मांडले. त्याचे सार असे की ठरावीक आसाला एक ठरावीक लांबीचा मासा सर्वांत जास्त सापडतो आणि त्याहून वीस टक्क्यांपेक्षा अधिक लहान किंवा मोठा मासा फारसा सापडत नाही. लहान पार होतो, मोठ्याचे डोकेच आत शिरत नाही. मासेमारीच्या साधनांत इतके चोखंदळ साधन क्वचितच असेल. मात्र हा चोखंदळपणा जाळ्याचा नसून आस निवडणाऱ्याचा असतो, आणि पुढचे बहुतेक वांधे तिथूनच सुरू होतात.

जाळे कोणत्या थरात लावायचे हेही माशाच्या चरण्यावर ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, म्हणून त्याचे जाळे पृष्ठभागालगत तरंगते. रोहू मधल्या थरात फिरतो, मृगळ तळाशी. मृगळासाठी वजन वाढवून जाळे खाली बसवतात. तराफ्यावर किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून, एका हाताने वल्हवत आणि दुसऱ्याने जाळे सोडत हे काम चालते.

हिवाळा या जाळ्याला मानवतो. पावसाळ्यातला गाळ बसलेला असतो. गार पाण्यात मासा सुस्तावतो खरा, पण सापडलेला मासा पहाटेपर्यंत जाळ्यात टिकतो. उन्हाळ्यात रात्रीतून मेलेला मासा सकाळी मऊ पडलेला असतो.

हेच जाळे उत्तर अमेरिकेत बर्फाखाली लावतात. तिथल्या सरोवरांत सिस्को नावाचा चंदेरी मासा असतो. त्याला गार आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. सरोवर गोठले की नावेचा उपयोग संपतो. मग बर्फाला भोक पाडून एक लांब फळी खाली सोडतात. फळीला दोर आणि एक लोखंडी दांडा असतो. दोराला हिसका दिला की दांडा बर्फाच्या खालच्या बाजूला टेकून फळीला पुढे ढकलतो. असे हिसके देत फळी दूर नेतात, तिथे दुसरे भोक पाडतात आणि आलेल्या दोराला बांधून जाळे बर्फाखाली ओढून घेतात. वर काढलेला मासा उघड्या हवेतच गोठतो. साताऱ्यात बर्फ माशानंतर येतो, कारखान्यातून लादीने आणि थर्माकोलच्या पेटीतून.

माशाचा उपयोग त्याच्या चरबीवर ठरतो. सिस्कोला चरबी बरी असते, म्हणून तो धुरावर चांगला होतो. कटला-रोहू ताजेच खपतात. मोठा मासा कराड, सातारा, सांगली-मिरजेच्या बाजारात तुकड्यांनी जातो. कटल्याचे डोके वेगळे विकले जाते आणि रश्शाला तेच उत्तम. सुके खोबरे, कांदा-लसूण चटणी आणि थोडी चिंच एवढ्यावर इकडचे कालवण होते. बारीक मासा पोट काढून, मीठ लावून उन्हात वाळवतात. तरी सुक्या माशाचा मोठा बाजार कोकणातून येणाऱ्या सुकट-बोंबलांचाच.

अडचणींची सुरुवात माशाच्या बीजापासून होते. कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. कृष्णेच्या खोऱ्यात ते माणसाने आणले. त्यांना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते, धरणाच्या संथ पाण्यात ते सहसा प्रजनन करत नाहीत. 1957 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी कटकमध्ये पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन घडवले, म्हणून आज बीज केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग तलाव ठेक्याने देतो आणि त्यात सहकारी संस्थांना प्राधान्य असते. बीज सोडले नाही, किंवा फार बारीक सोडले आणि ते मरळ-वाम यांच्या पोटात गेले, तर पुढच्या हंगामात जाळे रिकामे.

रिकाम्या जागेत चिलापी वाढते. हा आफ्रिकी मासा 1952 मध्ये भारतात आला. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा वीण करते, त्यामुळे बाहेरून बीज लागत नाही. दाटी झाली की तिचा आकार लहानच राहतो. तिच्या पाठीच्या काट्यांत धागा गुरफटतो, सोडवताना बोटे फाटतात आणि जाळेही. पण खरा घात वेगळा आहे. बारीक चिलापी पकडायची तर आस बारीक हवा, आणि बारीक आसात कटल्याचे वर्षाच्या आतले पिल्लूही अडकते. दोन वर्षांनी काही किलोंचा होणारा मासा पावशेराचा असतानाच विकला जातो. मोठा मासा कमी झाला म्हणून आस आणखी बारीक होतो. ज्याने मोठ्या आसाचे जाळे जपले त्याचे नुकसान शेजारचा करतो, म्हणून एकट्याचा शहाणपणा इथे कामाचा नाही. संस्थेने आस ठरवून तो काठावर तपासला तरच काही होते.

शिवसागराची दुखणी आणखी वेगळी. धरणाची साठवण क्षमता सुमारे 105 टीएमसी आहे. 1 जूनला सुरू होणाऱ्या जलवर्षात त्यातले 67.5 टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा आहे. पावसाळ्याअखेर भरलेला जलाशय मेपर्यंत खूप खाली येतो. काठ रोज सरकतो, कालची जागा आज कोरडी पडते. बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे जाळे धरून ठेवतात. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे तुटून राहिलेले जाळे कुणी काढायला नसताना मासे मारत राहते. जलाशयाचा मोठा भाग 1985 च्या कोयना अभयारण्याला लागून किंवा त्यात आहे, आणि 2010 मध्ये तो परिसर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला. तिथे मासेमारीला बंदी आहे. धरणासाठी एकदा उठलेल्या खोऱ्यात उरलेल्यांना हा नियम जाचक वाटतो, आणि ते समजण्यासारखे आहे. पण खोऱ्यातल्या मूळ माशांना, विशेषतः खडशीला, म्हणजे महसीरला, असा निवारा दुसरीकडे फारसा उरलेला नाही.

सांगलीकडे कृष्णा बंधाऱ्यांनी अडलेली आहे. उन्हाळ्यात प्रवाह थांबतो आणि सांडपाणी साचते. त्यातले सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू खाऊन टाकते. मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ नदीत मेलेल्या माशांचा खच पडला. अशा वेळी काठावर आलेला अर्धमेला मासा लोक पिशव्या भरून नेतात, तो खाणे धोक्याचे असले तरी. त्यानंतर बाजारात नदीच्या माशाला गिऱ्हाईक मिळणे अवघड होते, आणि लांब वरच्या अंगाला, स्वच्छ पाण्यात जाळे लावणाऱ्यालाही आपला मासा कुठला हे पटवून द्यावे लागते.