रीसेट किती वेळ धरायचा?

८०५१ या मायक्रोकंट्रोलरला रीसेटसाठी दोन मशीन सायकल्स पुरतात. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर हे जेमतेम २ मायक्रोसेकंद. तरीही इंटेलने सुचवलेल्या जोडणीत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे ८२ मिलिसेकंदांचा कालस्थिरांक. ही उधळपट्टी नव्हे. त्या दोन सायकल्स ऑसिलेटर चालू झाल्यावरच मोजायच्या असतात, आणि क्रिस्टलला सुरू व्हायलाच काही मिलिसेकंद लागू शकतात. सप्लायचे व्होल्टेज चढायला लागतो तो वेळ वेगळाच. रीसेटचा काळ ठरतो तो सप्लाय आणि क्रिस्टलच्या चालीवर.

मग कपॅसिटर आणखी मोठा घ्यावा, असे कुणी म्हणेल. पण वीज क्षणभर जाऊन परत आली, तर मोठा कपॅसिटर तेवढ्यात रिकामा होत नाही आणि नीट रीसेट मिळत नाही. डायोड लावून तो लवकर रिकामा करता येतो, हे खरे. मात्र व्होल्टेज शून्यावर न जाता नुसते खचले, तर डायोडही फारसे काही करू शकत नाही. मॅक्स८१०सारखी सुपरव्हायझर चिप व्होल्टेजवरच लक्ष ठेवते: ठरलेली पातळी ओलांडल्यानंतरही किमान १४० मिलिसेकंद रीसेट धरते, पातळी घसरली की पुन्हा देते. किंमत थोडी वाढते, पण जोडणीतला कपॅसिटर आणि रेझिस्टर वाचतो.