पेरूची सहल : आधी क्रम, मग तिकीट

परवा एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या सौ. दवाखान्यात आले. अमेरिकेतला मुलगा दोघांना दक्षिण अमेरिकेतील पेरू देश दाखवणार आहे. गुरुजींचे वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू. "डॉक्टरसाहेब, सर्दी-तापाच्या गोळ्या लिहून द्या," एवढेच मागणे. मी सहलीचा कागद मागितला. पहिल्या दिवशी लिमा, दुसऱ्या दिवशी विमानाने कुस्को, मग टिटिकाका सरोवर, माचू पिचू आणि शेवटी अॅमेझॉनचे जंगल!

नाव आपल्या ओळखीच्या फळाचे, पण हा देश म्हणजे तीन मुलूख आहेत. समुद्रकाठी वाळवंट, मध्ये अँडीज पर्वत, पलीकडे दमट अरण्य. लिमा समुद्रकाठी, तर कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. टिटिकाका ३,८०० मीटरवर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तासा-दीड तासात दोन कळसूबाई एकावर एक चढून उतरायचे ते तिथेच! त्या उंचीवर प्रत्येक श्वासात प्राणवायू सुमारे एक-तृतीयांश कमी मिळतो. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. हे पैलवानालाही होते, तेव्हा "मी रोज पाच किलोमीटर चालतो" हे सांगणे इथे उपयोगाचे नाही.

उपाय साधा आहे. कुस्कोच्या विमानतळावरून मोटारीने थेट खाली उरुबांबा खोऱ्यात उतरावे. तेथली उंची २,८०० मीटरच्या आसपास. दोन-तीन रात्री तेथे काढाव्यात, २,४३० मीटरवरचे माचू पिचू तेथूनच पाहावे, नंतर कुस्को आणि सर्वांत शेवटी टिटिकाका. असिटाझोलामाइड ही गोळी आदल्या दिवसापासून घेतल्यास त्रास कमी होतो. मात्र सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी आणि इतर औषधे चालू असणाऱ्यांनी ती मनाने घेऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. अशा वेळी थांबणे जिवावर बेतते.

जंगलाचा प्रश्न वेगळा. तेथे पीतज्वराचा धोका आहे. त्याची लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. माझ्यासारख्याकडे ती मिळत नाही. साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम क्वचित, पण तरुणांपेक्षा अधिक दिसतात. म्हणून गुरुजींना मी स्पष्ट सांगितले, जंगल गाळा. ते थोडे हिरमुसले. मुलाने तिकिटे काढली होती ना!

पण जंगल गाळले तरी एक अडचण उरतेच. पेरूहून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल, तर त्याला विमानतळावर अडवून ते दिवस भरेपर्यंत वेगळे ठेवतात. गुरुजींचे सोपे आहे, परतताना आठवडाभर मुलाकडे राहायचे. सौभाग्यवतींना ही युक्ती फारच आवडली.

आणि हो, कुस्कोत पाहुण्यांना कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथे चालतो, पण पाने आठवण म्हणून पिशवीत घालून आणू नयेत. आपल्याकडे तो गुन्हा आहे.