दुकानाची संगणकीय राखण

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे पांझरा नदीकाठचे बाजारपेठेचे गाव. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातील पाड्यांवरून आदिवासी बांधव येथे बाजारहाटासाठी येतात. पांझरेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या फड पद्धतीत पाणी देणारा पाटकरी असे, तसाच उभ्या पिकाची राखण करणारा जागल्याही असे. त्याच्या मेहनतान्याचा भार लाभधारक शेतकरी मिळून उचलीत. पेठेतील छोटा दुकानदार आज कॅमेऱ्याच्या रूपाने आपल्यापुरता असाच एक जागल्या नेमू शकतो. मात्र जुना जागल्या माणसे ओळखत असे. कॅमेरा केवळ आकृती टिपतो. ही यंत्रणा बसविताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ हा भेद विसरण्यात असते.

उदाहरणादाखल १२ फूट रुंद व ३० फूट लांब असे किराणा दुकान डोळ्यांपुढे आणू. पुढे ओटा व शटर, आत गल्ला, मागे गोण्यांची खोली. अशा दुकानास चार कॅमेरे पुरेसे होतात : एक दारातून आत येणाऱ्याचा चेहरा टिपणारा, एक गल्ल्यावर, एक मागील खोलीत व एक बाहेरून शटर व ओटा पाहणारा. आठ कॅमेरे लावून एकाही चेहऱ्याची ओळख न पटण्यापेक्षा चार योग्य जागी असणे बरे. चेहरा ओळखण्याजोगा दिसावा यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीस सुमारे २५० चित्रबिंदू असावेत, असा तांत्रिक मानकाचा दंडक आहे. नेहमीच्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० बिंदू असतात. म्हणजे साडेसात मीटरपेक्षा अधिक रुंदीचे दृश्य त्याच्यापुढे ठेवले, की तो ‘कोणीतरी आले’ एवढेच सांगू शकेल. कोण आले ते नव्हे. २.८ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा पुष्कळ रुंद दृश्य घेतो, म्हणून तो खोलीच्या कोपऱ्यात शोभतो. दारासाठी ६ मिलिमीटरचे भिंग अधिक उपयोगी.

दारावरील कॅमेऱ्याची आणखी एक अडचण आहे. दुपारी बाहेर लख्ख ऊन व आत अंधार असल्याने येणाऱ्याची काळी छायाच तेवढी उमटते. उजेड व अंधार यांचा मेळ घालण्याची सोय असलेला कॅमेरा येथे घ्यावा, आणि तो छताला न लावता डोक्याच्या थोडा वर लावावा. एरवी टोपी व पागोटे यांचेच चित्रण होते! बाहेरच्या कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांकडे रात्री किडे धाव घेतात व त्यांच्या मागोमाग कोळी जाळी विणतात. आठवड्यातून एकदा मऊ फडके फिरविणे हा त्यावरील साधा उपाय होय.

तार, संगणक आणि साठवण

कॅमेऱ्यांची जोडणी दोन प्रकारे होते. जुन्या पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्यापासून कोअॅक्सियल केबल व विजेची वेगळी तार रेकॉर्डरपर्यंत येते. नव्या पद्धतीत संगणकाच्या जाळ्याची एकच केबल १०० मीटरपर्यंत वीज व चित्र दोन्ही वाहून नेते. नवीन जोडणी करणाऱ्याने दुसरी पद्धत पत्करावी. कॅमेरे वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्यास ते ‘ऑनव्हिफ’ या समाईक संकेतप्रणालीस अनुसरणारे आहेत की नाहीत, हे पाहून घ्यावे. २००८ मध्ये अॅक्सिस, बॉश व सोनी या कंपन्यांनी तिचा पाया घातला.

चित्रण साठविण्यासाठी बाजारात मिळणारा रेकॉर्डर हाही वस्तुतः एक छोटा संगणकच असतो. घरातील जुन्या संगणकावर ‘झोनमाइंडर’सारखी विनामूल्य प्रणाली चालवूनही हे काम करता येते. घरात या विषयाची आवड असलेला तरुण असेल तर हा प्रयोग अवश्य करावा. तो नसेल तर तयार रेकॉर्डरच घ्यावा. तो वीज कमी खातो आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा सहज मिळतो.

हार्ड डिस्क किती मोठी घ्यावी, याचे गणित दुकानदाराने स्वतः मांडावे. शाळेतील शिक्षकांनाही ते विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. एका कॅमेऱ्यातून सेकंदास २० लक्ष बिट येतात असे धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदास अडीच लक्ष बाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केल्यास एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ गिगाबाइट होतात व चार कॅमेऱ्यांचे ८६.४. एक टेराबाइटची डिस्क त्यामुळे साडेअकरा दिवसांत भरते आणि त्यानंतर जुने चित्रण पुसून त्यावर नवे उमटू लागते. महिनाअखेरीस माल मोजताना तूट ध्यानात येणाऱ्या दुकानदाराला तोवर पुरावा उरलेला नसतो. म्हणून त्याने चार टेराबाइटची डिस्क घ्यावी, अथवा हालचाल झाली तरच चित्रण व्हावे अशी योजना करावी. डिस्क अहोरात्र लेखनासाठी बनविलेली असावी.

वीज गेली की हा जागल्या झोपतो. चार कॅमेरे व रेकॉर्डर मिळून साधारण ४० वॅट वीज लागते. घरगुती इन्व्हर्टरची चांगली बॅटरी एवढा भार रात्रभर पेलू शकते. रेकॉर्डर मात्र गल्ल्याशेजारी उघड्यावर ठेवू नये. चोर तोच उचलून नेतो.

मोबाइलवरून दुकान पाहण्याच्या सोयीसाठी यंत्रणा इंटरनेटला जोडली जाते, आणि येथे पासवर्ड बदलण्याचा आळस महागात पडतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेलेच पासवर्ड कायम असलेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेऊन, त्यांच्याकरवी अमेरिकेतील नामांकित संकेतस्थळे बंद पाडली होती. आपल्या देशातही एप्रिल २०२५ पासून अशा कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. खरेदीच्या वेळी तिची विचारणा करावी.

चित्रण कोणाच्या हाती जावे?

चित्रणावरील घड्याळ अचूक असणे किती महत्त्वाचे, हे जालन्याच्या एका प्रकरणावरून कळते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत दाखल झाले की नाही, या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रण पुढे आले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळ उपकरण हजर न करता चित्रणाची प्रत द्यावयाची असेल तर विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही तरतूद असून, प्रमाणपत्रात प्रतीचे ‘हॅश मूल्य’ नमूद करावे लागते. हे मूल्य म्हणजे त्या प्रतीचा जणू अंगठाच. चित्रणात यत्किंचित बदल झाला तरी तो जुळत नाही.

साक्री तालुक्यातील वाचकांना दुसरे एक प्रकरण विसरता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावाने बळी घेतला. त्या काळात अशा अफवा मोबाइलवरील संदेशांतून पसरत होत्या. अनोळखी ग्राहकाचे चित्र ‘हाच चोर’ असे लिहून गावाच्या समूहावर टाकणारा दुकानदार नेमका हाच मार्ग मोकळा करीत असतो. चित्रात गोणीजवळ उभा असलेला मनुष्य पैसे देऊन गेला की न देता, हे अनेकदा दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहिल्याविना कळत नाही. पाड्यावरून येणाऱ्या किंवा भटक्या समाजातील ग्राहकाविषयी संशय आधीच मनात असतो, आणि कॅमेरा त्यास पुराव्याचे रूप देतो. ग्रामपंचायत सदस्यांनी व्यापारी बंधूंच्या बैठकीत हा विषय स्वतःहून काढावा.

कापड दुकानातील कपडे घालून पाहण्याच्या खोलीत कॅमेरा सर्वथा निषिद्ध आहे. संमतीविना खाजगी अंगाचे चित्रण करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ई अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दुकानात कॅमेरे असल्याची मराठीतील पाटी दारावर लावावी. कामावरील नोकरासही ते कोठे आहेत व कशासाठी आहेत हे सांगावे.

चोरी झालीच तर रेकॉर्डरची उघडझाप न करता प्रथम त्याचे घड्याळ व मोबाइलवरील वेळ यांतील फरक लिहून ठेवावा. त्याच दिवशी आवश्यक चित्रणाची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी, ती पोलीस ठाण्यात द्यावी व पोच घ्यावी. दुकानाच्या वहीत तारीख, कॅमेऱ्याचा क्रमांक, चित्रणाची वेळ आणि प्रत स्वीकारणाऱ्याची सही अशी चार रकान्यांची नोंद ठेवल्यास पुढे न्यायालयात विचारले जाणारे बरेचसे प्रश्न वहीच्या एका पानावर सुटतात.